शिकाऊ हातांचे विमान

लढाऊ विमानाचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. मिग, मिराज, सुखोई, राफेल ही नावे शाळकरी मुलेही घडाघडा सांगतात. पण ते विमान चालवणारा वैमानिक आयुष्यात पहिल्यांदा ज्या छोट्या, मंद, दोन आसनी विमानात बसला, त्याचे नाव सहसा कुणी विचारत नाही. ज्या विमानात माणूस विमान चालवायला शिकतो त्याला प्राथमिक प्रशिक्षण विमान म्हणतात. स्वतंत्र भारताने असे पहिले विमान परदेशातून विकत न आणता स्वतः रेखाटले आणि स्वतः बांधले. त्याचे नाव एचटी-२. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. विमान म्हणजे बांबू, कापड आणि तारा यांचा सांगाडा होता आणि ते हवेत का टिकते याचे पुरेसे शास्त्रीय उत्तर कुणापाशी नव्हते. कोल्हापूर संस्थानातल्या एका खेड्यात जन्मलेल्या मुलाचा या विषयाशी संबंध येण्याचे काही कारण नव्हते. पण मुलगा शिकत गेला, मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्याने एम.एस्सी. केले आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतले गटिंगेन गाठले. त्या काळी भारतातून उच्च शिक्षणाला जाणारा विद्यार्थी बहुधा इंग्लंडची वाट धरी. घाटग्यांनी जर्मनी निवडले, त्यामागचे कारण होते लुडविग प्रांटल.

गटिंगेनचे धडे

आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारा माणूस म्हणून प्रांटल यांचे नाव घेतले जाते. १९०४ साली त्यांनी मांडलेली सीमास्तराची कल्पना साधी वाटते, पण तिने अनेक वर्षांचे कोडे सोडवले. जुन्या गणितानुसार हवा पूर्णपणे घर्षणरहित धरली, तर तिच्यातून जाणाऱ्या वस्तूला अडथळाच होत नाही असे उत्तर येई. प्रत्यक्षात तर सायकल चालवणाऱ्या माणसालाही वाऱ्याचा अडथळा जाणवतो. प्रांटल यांनी दाखवले, की हवेचे घर्षण वस्तूच्या पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात एकवटलेले असते. पृष्ठभागाला टेकलेली हवा त्याला जणू चिकटून बसते, तिच्यावरची थोडी सरकते, तिच्यावरची आणखी वेगाने. या पातळ थराच्या बाहेर जुने गणित चालते, थराच्या आत मात्र घर्षणाचा हिशेब करावाच लागतो.

विमानाच्या दृष्टीने या थराचे महत्त्व फार मोठे. पंख हवेत थोडा वर तोंड करून ठेवला की त्याच्या वरच्या बाजूची हवा पंखाच्या बाकाला धरून वाहते आणि पंखाला वर उचलणारे बल मिळते. पंखाचे तोंड आणखी वर केले की उचल वाढते. पण एका मर्यादेनंतर, साधारण पंधरा अंशांच्या आसपास, तो पातळ थर पंखाला धरून राहू शकत नाही. तो सुटतो, पंखामागे भोवरे उठतात आणि उचल एकदम कोसळते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याला सर्वात उशिरा पटते.

प्रांटल यांच्याकडे शिकलेल्यांत थिओडोर फॉन कारमानसारखी माणसे होती. त्यांच्या प्रयोगशाळेची पद्धत ठरलेली होती. आधी गणित करायचे, मग विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, ते तपासायचे आणि दोन्हींत फरक दिसला तर त्या फरकाचे कारण शोधायचे. घाटगे तिथे होते तो काळ जर्मनीसाठी काळवंडत चाललेला होता. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि गटिंगेन विद्यापीठातल्या मॅक्स बॉर्न, एमी नोएदर, रिचर्ड कूराँ यांच्यासारख्या ज्यू प्राध्यापकांना बाहेर पडावे लागले. जगातले एक नामांकित गणितपीठ काही महिन्यांत रिकामे झाले. अशा वातावरणात घाटग्यांनी आपले काम पूर्ण केले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवून ते भारतात परतले.

परतले खरे, पण शिकलेले वापरायचे कुठे, हा प्रश्न होता. भारतात तेव्हा विमाने उडत होती, फ्लाइंग क्लब होते, टाटांची हवाई टपाल सेवा होती. विमान बांधणारा एकही कारखाना मात्र नव्हता.

बेंगळुरूचा कारखाना

हा कारखाना उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरून उडणाऱ्या एका विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी पडली. त्या भेटीतून भारतात विमान कारखाना काढण्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केले आणि डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. घाटगे तिच्यात दाखल झाले.

या कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले विमान हे प्रशिक्षण विमानच होते. अमेरिकेतून आणलेल्या सुट्या भागांची जोडणी करून तयार केलेले हार्लो ट्रेनर १९४१ मध्ये बेंगळुरूच्या आकाशात उडाले. त्याच वर्षी घाटग्यांच्या आराखड्यावरून दहा जणांना नेणारे एक ग्लायडर तयार झाले. त्याला जी-१ म्हणत. ग्लायडरला इंजिन नसते. दुसरे विमान त्याला ओढून वर नेते आणि तिथून ते आपल्या पंखांच्या भरवशावर उतरते. त्यामुळे रचनाकाराच्या वायुगतिकीची त्यात खरी परीक्षा होते, कारण चूक झाकायला इंजिनाचा जोर नसतो. जी-१ एकच बांधले गेले, पुढे त्याचे उत्पादन झाले नाही. पण भारतात रेखाटून भारतात बांधलेल्या विमानांच्या यादीत त्याचे स्थान अगदी वरचे आहे.

युद्ध जवळ आले तसे कारखान्याचे काम बदलले. १९४२ मध्ये सरकारने त्याचा ताबा घेतला, पुढे अमेरिकी हवाई दलाने तिथे मोठे दुरुस्ती केंद्र चालवले. नवे विमान रेखाटण्याला त्या धामधुमीत वाव नव्हता. घाटग्यांनी ही वर्षे वाया जाऊ दिली नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटग्यांकडे आली. गटिंगेनला जे शिकले ते आता ते भारतीय मुलांना शिकवू लागले. विभागाच्या सुरुवातीच्या कामांत विंड टनेल उभारण्याचे काम होते. विमान बांधायचे तर आधी ती विद्या जाणणारी माणसे तयार व्हायला हवीत, हा क्रम त्यातून आपोआप साधला गेला. पुढे याच विभागाचे प्रमुखपद सतीश धवन यांच्याकडे गेले आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमापर्यंत ही परंपरा पोचली.

विद्यार्थ्यासाठी विमान

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय हवाई दलात नवे वैमानिक टायगर मॉथवर शिकत. हे १९३१ सालचे इंग्लिश विमान. दोन मजली पंख, लाकूड आणि कापडाचे अंग, उघडे कॉकपिट आणि १३० अश्वशक्तीचे इंजिन. विमान गुणी होते, पण त्याचा काळ संपत आला होता. पावसाळी हवेत कापड आणि लाकूड यांची सतत देखभाल लागे. पाऊस आणि ऊन थेट अंगावर घेत शिकावे लागे. आणि ज्या विद्यार्थ्याला पुढे धातूच्या, एकपंखी, वेगवान लढाऊ विमानावर जायचे, तो दुपंखी विमानावर शिकत होता. त्यानंतर इंग्लंडचेच पर्सिव्हल प्रेंटिस आले, त्याची जोडणी बेंगळुरूत होऊ लागली. पण आराखडा परक्याचाच होता.

१९४८ साली भारतीय आराखड्याच्या प्राथमिक प्रशिक्षण विमानाला सरकारने मंजुरी दिली. घाटगे पुन्हा कारखान्यात आले आणि या कामाचे प्रमुख झाले. देशाची फाळणी नुकतीच झाली होती, तिजोरीत पैसा नव्हता आणि कारखाना तगून राहण्यासाठी रेल्वेचे डबेही बांधत होता. विमानाचा संपूर्ण आराखडा करण्याचा अनुभव असलेले हात मोजकेच होते. विमान फसले असते, तर भारतीयांनी जोडणी आणि दुरुस्तीवरच समाधान मानावे असे म्हणणाऱ्यांना पुरावाच मिळाला असता.

प्राथमिक प्रशिक्षण विमान हे सोपे काम, असा एक समज आहे. वेग कमी, इंजिन लहान, शस्त्रे नाहीत, म्हणजे अवघड काय? प्रत्यक्षात या विमानाकडून परस्परविरोधी गोष्टी मागितल्या जातात.

पहिली गोष्ट स्थैर्याची. विमान स्थिर असावे, म्हणजे वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तर ते आपसूक पुन्हा खाली यावे. त्यासाठी विमानाचा गुरुत्वमध्य योग्य जागी आणि शेपटीचे पंख पुरेसे मोठे हवेत. पण स्थैर्य अति झाले तर विमान आळशी होते, वैमानिकाचे ऐकत नाही, आणि विद्यार्थी चपळ विमान हाताळायला शिकतच नाही. इतके स्थिर की चूक पोटात घालील आणि इतके चपळ की चूक दाखवून देईल, असा मध्य रचनाकाराला गाठावा लागतो.

त्यात दोन आसनांचा प्रश्न येतो. एचटी-२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक बसत. अशा रचनेत विमान अरुंद राहते आणि विद्यार्थ्याला पुढे एकट्याने उडवायच्या लढाऊ विमानाची सवय होते. पण विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडतो त्या दिवशी शिक्षकाचे साठ-सत्तर किलो वजन विमानातून एकदम नाहीसे होते. त्याने गुरुत्वमध्य सरकतो. नेमक्या त्याच दिवशी, सर्वात कच्च्या हातांत असताना, विमानाचा स्वभाव बदलून चालत नाही. म्हणून आसने, इंजिन, इंधनाची टाकी आणि पंख यांच्या जागा ठरवताना दोघे बसलेले आणि एकटा बसलेला असे दोन्ही हिशेब मांडून पाहावे लागतात.

दुसरी गोष्ट स्टॉलची. शिकाऊ वैमानिक उतरताना वेग कमी करतो, घाबरतो आणि दांडा मागे ओढतो. म्हणजे स्टॉल व्हायला लागणारी सगळी तयारी तो स्वतःच करतो. विमानाने अशा वेळी आधी इशारा द्यावा, थरथरावे, नाक अलगद टाकावे, पण एका कुशीवर एकदम उलटू नये अशी अपेक्षा असते. पंखाची टोके आधी स्टॉल झाली तर टोकाजवळचे एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर कलवणारे पट्टे, निकामी होतात. म्हणून रचनाकार पंखाला मुळापासून टोकापर्यंत किंचित पीळ देतो किंवा त्याचा आकार बदलत नेतो, म्हणजे पंखाचे मूळ आधी सुटते आणि टोके शेवटपर्यंत हवा धरून राहतात. हा पीळ किती द्यायचा, हे प्रांटल यांच्या सीमास्तराच्या शास्त्रातूनच कळते.

तिसरी आणि सर्वात जोखमीची गोष्ट स्पिनची, म्हणजे गिरकीची. एक पंख स्टॉल झाला आणि दुसरा नाही, तर विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येते. दांडा मागे ओढून ते सुटत नाही. गिरकीच्या उलट दिशेला रडर दाबून, दांडा पुढे ढकलून, आधी फिरणे थांबवावे लागते. हे घाबरलेल्या माणसाच्या सहज प्रवृत्तीच्या अगदी उलट आहे, म्हणून ते शिकवावेच लागते. अर्थात प्रशिक्षण विमान गिरकीत जाऊ शकले पाहिजे आणि दर वेळी हमखास बाहेरही आले पाहिजे. गिरकीत शेपटीचा आडवा पंख उभ्या रडरवर येणारी हवा अडवू शकतो. रडरचा पुरेसा भाग त्या आडोशाबाहेर उरेल अशी शेपटीची रचना करावी लागते. दोन पंखांच्या जागेत थोडा फरक पडला, तर एका विद्यार्थ्याचा जीव जाऊ शकतो, इतका हा हिशेब नाजूक असतो.

चौथी गोष्ट टणकपणाची. विद्यार्थी विमान उतरवत नाही, आपटतो. एकाच दिवसात तीस-चाळीस वेळा आपटले तरी चाकांचे पाय टिकले पाहिजेत. एचटी-२ ची दोन मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली होते. या रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जमिनीवर धावताना विमान जरा तिरपे झाले की आणखी तिरपे होऊ पाहते. ते सरळ ठेवायला पायांनी रडर सतत सांभाळावा लागतो. त्रासदायक खरे, पण असे विमान सरळ उतरवायला शिकलेला वैमानिक पुढे कुठल्याही विमानात पायांचा आळस करत नाही.

आणि पाचवी गोष्ट भारताच्या हवेची. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा विरळ, त्यात उन्हाळ्याची उष्णता तिला आणखी विरळ करते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद कमी होते आणि पंखाही कमी हवा ढकलतो. इंग्लंडच्या थंड हवेत चपळ वाटणारे विमान भारतात धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला तयार नसते. इथले विमान इथल्या हवेच्या हिशेबाने रेखाटण्याची गरज होती, ती या साध्या कारणासाठी.

ऑगस्ट १९५१

हे सगळे हिशेब संगणकाविना करायचे होते. स्लाइड रूल, हाताने फिरवायची गणनयंत्रे, रेखाटन फळे आणि लाकडी नमुने एवढीच साधने. विमान मात्र पूर्ण धातूचे ठरले. पंख खाली जोडलेला, बाहेरून एकही तार किंवा टेकू नसलेला. कॉकपिट वरून बंद. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर, रिकामे वजन सुमारे ७०० किलो आणि भरलेले सुमारे १०१६ किलो.

ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले एचटी-२ बेंगळुरूच्या धावपट्टीवरून उडाले. ते चालवले कारखान्याचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी. कागदावरचे विमान आणि हवेतले विमान यांत किती अंतर आहे, हे पहिल्यांदा चाचणी वैमानिकालाच कळते आणि ते कळण्याची किंमतही त्यालाच मोजावी लागू शकते. मुन्शी सुखरूप उतरले. भारतात रेखाटलेले, भारतात बांधलेले इंजिनाचे विमान उडाले होते.

पहिल्या विमानात १४५ अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या विमानात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसवले गेले आणि उत्पादनासाठी तेच कायम झाले. दोन्ही इंजिने इंग्लिश. विमानाचे अंग भारतीय आणि हृदय परदेशी, ही अडचण तेव्हा सुरू झाली आणि भारतीय विमान उद्योगाचा पिच्छा तिने पुढेही सोडला नाही. घाटग्यांचे काम मोठे मानताना ही मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. विमानाचा सांगाडा रेखाटणे ही एक विद्या आहे, इंजिन बनवणे ही धातुशास्त्राची आणि अनेक दशकांच्या चिकाटीची वेगळी विद्या आहे.

१९५३ पासून एचटी-२ हवाई दलात दाखल होऊ लागले. ताशी सुमारे दोनशे किलोमीटर हा त्याचा कमाल वेग. आज महामार्गावरच्या काही मोटारीही तेवढ्या वेगाने धावू शकतात. पण विमान शिकणाऱ्याला वेग नको असतो, विचार करायला वेळ हवा असतो. तो वेळ या विमानाने दिला. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली. हवाई दलाखेरीज नौदलाने आणि नागरी प्रशिक्षण संस्थांनीही ती वापरली. १९५९ मध्ये आफ्रिकेतल्या घानाने भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीने आपले हवाई दल उभे केले, तेव्हा बारा एचटी-२ तिकडे गेली. स्वतः नुकताच स्वतंत्र झालेला देश दुसऱ्या नवस्वतंत्र देशाला आपल्या आराखड्याचे विमान पुरवत होता.

घाटग्यांची पुढची विमाने

एचटी-२ नंतर घाटगे थांबले नाहीत. फ्लाइंग क्लबांना स्वस्त आणि साधे विमान हवे होते. त्यांच्यासाठी पुष्पक आले. वर पंख, कापडी आवरण आणि नव्वद अश्वशक्तीचे इंजिन असलेले हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडाले. पाठोपाठ १९५९ मध्ये लष्कराच्या टेहळणीसाठी कृषक उडाले. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली मारुत या लढाऊ विमानाचे काम त्याच कारखान्यात चालू होते. मारुतकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असताना घाटग्यांच्या चमूने एक जेट प्रशिक्षण विमान हाती घेतले. ते होते किरण.

किरण ४ सप्टेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडाले. एचटी-२ वर प्राथमिक धडे गिरवलेल्या विद्यार्थ्याला जेटची ओळख करून देणे हे त्याचे काम. इथे घाटग्यांच्या चमूने आसनांची मांडणी बदलली. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी आले. जेटमध्ये घटना वेगाने घडतात, तेव्हा विद्यार्थ्याचे हात आणि डोळे कुठे आहेत हे शिक्षकाला शेजारून लगेच दिसते. एकच रचनाकार एका विमानात आसने एकामागे एक ठेवतो आणि दुसऱ्यात शेजारी, कारण शिकण्याचा टप्पा बदललेला असतो. किरणने हवाई दलात अनेक दशके काढली. कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून पुढची पंधरा वर्षे जी विमाने उडवली, ती हीच.

१९६५ साली घाटग्यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या कारखान्याचे नाव हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड झाले होते. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर एचटी-२ हवाई दलातून निवृत्त झाले होते. टायगर मॉथच्या जागी आलेल्या या विमानाने साडेतीन दशकांच्या आसपास सेवा केली. एवढ्या वर्षांत भारतीय लढाऊ विमाने पिस्टन इंजिनापासून ध्वनीच्या दुप्पट वेगापर्यंत पोचली, तरी हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिल्यांदा एकट्याने जमीन सोडली ती एचटी-२ मध्येच.

साखळी तुटते तेव्हा

पण घाटग्यांची गोष्ट एचटी-२ च्या यशाशी संपत नाही. या विमानाची जागा ज्याने घेतली ते एचपीटी-३२ दीपक हेही देशी विमान होते. ते पहिल्यांदा उडाले १९७७ मध्ये, म्हणजे एचटी-२ नंतर सव्वीस वर्षांनी. या विमानाला हवेतच इंजिन बंद पडण्याच्या घटनांनी ग्रासले. अनेक अपघात झाले, त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी दगावले. २००९ मधल्या एका अपघातानंतर ही विमाने जमिनीवर उभी करण्यात आली आणि हवाई दलाला प्राथमिक प्रशिक्षणासाठी स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने विकत घ्यावी लागली. ज्या देशाने १९५१ साली स्वतःचे प्राथमिक प्रशिक्षण विमान उडवले, तो साठ वर्षांनी पुन्हा परदेशी विमानाकडे वळला.

विमानाचा आराखडा कागदावर उतरवता येतो, पण तो करण्याची नजर कागदावर उतरत नाही. ती एका चमूकडून दुसऱ्या चमूकडे, काम करता करताच जाते. एका विमानानंतर दुसरे लगेच हाती घेतले नाही, तर पहिल्यातून शिकलेली माणसे निवृत्त होतात आणि नव्यांना सगळे पहिल्यापासून शिकावे लागते. ते शिकण्याची किंमत प्रशिक्षण विमानाच्या बाबतीत वीस-बावीस वर्षांची मुले मोजतात. घाटग्यांनी जी-१, एचटी-२, पुष्पक, कृषक, किरण अशी विमाने एकामागून एक हाती घेतली आणि त्याच्या जोडीने विद्यार्थीही घडवले.

३१ मे २०१६ रोजी बेंगळुरूच्या त्याच धावपट्टीवरून एचटीटी-४० हे नवे देशी प्राथमिक प्रशिक्षण विमान उडाले. त्याचा वेग, इंजिन, कॉकपिट सगळे एचटी-२ पेक्षा कितीतरी पुढचे आहे. पण त्याच्या चाचण्यांमध्ये बराच वेळ गेला तो विमान गिरकीत घालून सुरक्षित बाहेर काढण्यावर. सत्तर वर्षांपूर्वी घाटग्यांच्या रेखाटन फळ्यावर जो प्रश्न होता, तोच. यंत्रे बदलतात, वैमानिक बदलतात, शिकाऊ हात मात्र पहिल्या दिवशी तसेच थरथरतात आणि दांडा मागे ओढतात. बेंगळुरूत हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सभागृहाला आज डॉ. घाटग्यांचे नाव आहे आणि विमानविद्येतल्या कामासाठी एरोनॉटिकल सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.